रस्ता रुंद झाला, आलं कोण?

प्रिय सासूबाई,

दारापुढचा बसायचा ओटला, दोन पायऱ्या, बाहेरच्या खोलीची दीड फूट जमीन, रस्त्याकडची खिडकी आणि शेवग्याचं झाड. रस्ता रुंद झाला त्यात आपल्या घराचं एवढं गेलं. कागदावरचा हिशोब एवढाच. पण मी कानाचा माणूस, मला त्यात एक वस्तू कमी दिसते. तुमच्या तीन शिलाई मशिनींचा आवाज, एकीवर तुम्ही, दोनांवर शिकायला येणाऱ्या बायका. बडा गणपतीकडून येताना वळणावर मी स्कूटर बंद करायचो आणि ऐकायचो. एकच मशीन चालू असेल तर ओटल्यावर गप्पा चालल्यात. तिन्ही चालू असतील तर जिच्याबद्दल गप्पा चालल्या होत्या ती येऊन बसलीय.

तुमच्यासमोर मी कायम 'आई' म्हणालो आणि माघारी 'सासूबाई'. पत्र माघारीच लिहितोय, म्हणून माघारीचं नाव. रागावू नका.

लिहायला कारण झालं. सोमवारी मिस्त्री येतोय. घराची समोरची बाजू तुम्ही गेलात तेव्हाही हिरव्या जाळीखाली होती, अजून आहे. आता तिथे नवी भिंत उभी करायची, आणि ती नेमकी कुठे हे कालपर्यंत ठरलेलं नव्हतं. तुमचा नितीन पुण्याहून सांगतो, लाल रेघेवर, एक इंचही आत नको, पुढे दुकान काढून भाड्याने देऊ. शुभा म्हणते, तीन फूट आत, पुढे ओटला पाहिजे. दोघं तुमचीच मुलं, दोघांचाही हट्ट तुमच्याकडूनच आलेला. मधे मी, तुमचा जावई, ज्याचा धंदाच तोडकामाचा.

तुम्हाला माझा धंदा कधी आवडला का हो? मी सियागंजात लोखंडाच्या दुकानी सळया उचलत होतो तेव्हा तुम्ही शुभाला म्हणाला होतात, "हा मुलगा बोलतो कमी, ऐकतो जास्त. असल्यांचा भरवसा नसतो." पुढे मी घण उचलला, मग भाड्याचं कटर मशीन, मग स्वतःची दोन. लोक घरं बांधून मोठे होतात, मी लोकांची घरं कापून झालो. आपल्या शहराची ही रीत बाहेरच्यांना सांगितली तर खोटी वाटते. रस्ता रुंद करायला घर कुठवर पाडायचं त्याची नगर निगमची लाल रेघ भिंतीवर आली की लोक आधी भांडतात, मग कोर्टात जाऊ म्हणतात, आणि शेवटी मला फोन करतात, "भिया, अपन खुद ही कटवा लेते हैं." कारण बुलडोझर रेघेवर थांबला तरी त्याचा धक्का थांबत नाही. माझं मशीन लोणी कापावं तसं रेघेवर कापतं, मागच्या कपाटातलं भांडं हलत नाही.

तर ती रेघ आपल्याही भिंतीवर आली. त्या संध्याकाळी अख्खी गल्ली तुमच्या ओटल्यावर जमली होती, वॉर्डातून निवडून आलेले पार्षदही हात जोडून आले. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो. तुम्ही एका ब्लाउजला हुक लावत होतात, मान वर केली नाहीत.

"माताजी, विकास हो रहा है," ते म्हणाले.

"होने दो बेटा. बस ये बता दो, रस्ता बड़ा होगा तो आएगा कौन?"

"सब आएँगे, माताजी."

"सब तो अभी भी आते हैं. हर चुनाव में."

गल्ली हसली, पार्षदही हसले, चहा झाला, आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला. कोण येणार आहे? ते निघून गेल्यावर तुम्ही तोच मला विचारलात. आणि मी छाती ठोकून सांगितलं, "आई, तुम्ही बघालच. दोन बसगाड्या समोरासमोर येतील आणि एकमेकींना न शिवता निघून जातील. रस्त्यांचं मला विचारा, जन्म त्यात गेलाय."

"आपल्याकडे बस येते का?"

"येईल."

"आली की मला हाक मारा."

मी एवढ्या जोरात का बोललो, माहीत आहे? त्याच्या आधीच्या थंडीत तुम्हाला धाप लागली आणि ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना. मी आणि शेजारच्या मालवीयजींनी तुम्हाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. मी पावलं मोजत होतो आणि तुम्ही दोन्ही बाजूंच्या दारांना हात हलवत होतात. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून जलेबी आणायला निघाल्यासारख्या. मी नंतर ती आठवण तुमच्यापुढे टाकली, म्हटलं रस्ता रुंद असता तर? तुम्ही म्हणालात, "पण त्या दिवशी सगळे भेटले."

असं बोलल्यावर माणसाने वाद घालायचा कसा?

तोडायच्या आधी मी भिंत ठोकून पाहत होतो. तुम्ही मशीनवरूनच विचारलंत, "काय म्हणते?" म्हटलं, "भिंत म्हणते, ओटला माझा नाही." खरंच, आवाज वेगळा येत होता. घराचा पाया एक, ओटल्याचा दुसरा, मधे नुसता चुना. नकाशात ओटला नव्हताच. मला वाटलं तुम्ही दचकाल. तुम्ही दाताने दोरा तोडलात.

"माहीत आहे. समोरच्यांनी पायऱ्या पुढे घेतल्या म्हणून यांनी दिवाळीच्या सुट्टीत ओटला बांधला. कापड रस्त्याचंच होतं, जावईबापू. आपण फक्त शिवून टाकलं."

मग तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर कितीतरी मीटिंगांत स्वतःच्या नावावर खपवलंय. "शहर अंगाने सुटलंय. शिवणाऱ्याने आत कापड सोडलं असतं तर उसवून मोठं करता आलं असतं. आता दुसऱ्याच्या अंगावरचं कापून तुकडा लावतायत. लावू देत. पण तुकडा लावलेलं पोलकं कुणी आवडीने घालत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः म्हणालात, कापा. गल्लीत पहिलं घर आपलं कापलं गेलं. का हो? मला अजून कळलेलं नाही. पार्षदांना वाटलं तुम्हाला पटलं. मालवीयजींना वाटलं तुम्ही थकलात. शुभाला वाटतं तुम्ही माझ्या धंद्याची लाज राखलीत. मी नुसतं ऐकून माणूस ओळखतो म्हणतात, पण तुमच्या त्या एका शब्दात मला काही ऐकू आलं नाही.

एक तक्रार करू का? एवढं सगळं करून तुम्ही रस्ता पाहायला थांबला नाहीत. खजरान्याच्या बाजूला आमच्या फ्लॅटवर आलात, गॅलरीत बसलात, खाली बघून म्हणालात, "केवढा रुंद रस्ता आहे तुमचा. आणि ओळखीचं एक माणूस जात नाही." तिथल्या लिफ्टमध्ये तुम्ही सगळ्यांना नमस्कार करायचात, लोक मोबाईल बघायचे. पावसाळ्यात तुम्ही गेलात. इकडे तेव्हा नालीचं काम चालू होतं.

मग मी ठरवलं, तुमच्या प्रश्नाचा छडा लावायचा. महिनाभर कामावर जाता-येता मी जाळीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. कोण येतं बघू. शुभा म्हणाली, "लोकांना वाटेल घर विकायला काढलंय." तिघांनी खरंच भाव विचारला.

आलं कोण, ऐका. पाठीवर डबा लावलेली जेवण पोचवणारी पोरं आली. पूर्वी ती तुमच्या ओटल्यावर पत्ता विचारायची, तुम्ही पत्त्याबरोबर घरात कोण आजारी आहे तेही सांगायचात. आता त्यांचा मोबाईल सांगतो, ती कुणाशी बोलत नाहीत. लग्नाची वरात आली, डीजेचा अख्खा ट्रक घेऊन. जाळी थरथरली. सकाळचं कचऱ्याचं वाहन आधी कोपऱ्यावर गाणं वाजवत उभं राहायचं, ते आता दारात येतं, त्याच्यामागे बायका ओला-सुका घेऊन पळत नाहीत. तेवढीच त्यांची भेट व्हायची, तीही गेली.

आणि ॲम्ब्युलन्स आली. हे सांगायलाच हवं. मालवीयजींच्या छातीत दुखलं, भर दुपारी, गाडी थेट त्यांच्या दाराशी लागली. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं. ते आता बरे आहेत, कचोरी बंद झालीय म्हणून जगावर नाराज आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असतात, बरं झालं, आणि लगेच विचारलं असतंत, पण त्यांना निरोप द्यायला दारात कोण होतं? कुणी नव्हतं, सासूबाई. सगळ्यांना संध्याकाळी कळलं.

पार्षद भेटले एकदा. "भिया, रोड देखो, एकदम चकाचक." मी म्हटलं, "माताजी पूछती थीं, आएगा कौन." त्यांनी रस्ता दोन्ही टोकांपर्यंत बघितला. मग म्हणाले, "ट्रैफिक आएगा." भाषणात एवढं खरं ते कधी बोलले नसतील. मला ते त्या दिवशी आवडले.

पण मला सापडलं ते दुसरंच. तुमच्याकडे शिवण शिकून आता स्वतः फॉल-पिको करणाऱ्या सुनीता भाभी रोज पिशवी घेऊन समोरून जातात. एक-दोघी भेटतात, उभ्यानेच चार शब्द होतात, मागून हॉर्न वाजतो, पांगतात. मी विचारलं, भाभी, आजकल महफिल नहीं जमती? त्या म्हणाल्या, "भाईसाब, खड़े-खड़े चुगली थोड़ी होती है. खड़े-खड़े तो बस खबर होती है. चुगली के लिए बैठना पड़ता है."

त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली होती हे मला महिन्यानंतर कळलं. गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. ओटला असता तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं, आणि चौथ्या दिवशी तुम्ही कुणाला तरी माझ्याकडे पिटाळलं असतंत, जावईबापू, याला कामावर घ्या. या वेळी मला स्वतःलाच घ्यावं लागलं. माणूस कामाचा आहे.

काल नितीनचा फोन आला. स्पीकरवर आम्ही तिघं.

"जीजाजी, तीन फूट आत म्हणजे शटर आत. भाडेकरूला फ्रंटेज लागतं, दुकान रस्त्यावरून दिसायला हवं."

शुभा म्हणाली, "फ्रंटेजवर बसता येतं का?"

"कोण बसणार आहे गं आता? आईच नाही."

शुभा उठून गॅलरीत गेली. त्याला दिसत नव्हतं, पण खुर्ची सरकलेली ऐकू गेली असेल. तो हळूच म्हणाला, "मी तसं नव्हतो म्हणत. तुम्ही सांगा जीजाजी, धंद्याच्या नजरेने."

धंद्याच्या नजरेने त्याचंच बरोबर होतं, आणि ते मी त्याला सांगितलं. मग ओटल्याचं सांगितलं, वेगळा पाया, मधला चुना, बाबांची दिवाळीची सुट्टी. त्याला काहीच माहीत नव्हतं. पलीकडे त्याने पंखा बंद केलेला ऐकू आला.

"म्हणजे मी अभ्यास केला, पत्ते खेळलो, पहिली सिगरेट लपवली, ती जागा..."

"रस्त्याची. तुझं अर्धं लहानपण अतिक्रमणात गेलंय."

तो हसला, बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला. मी म्हटलं, "नितीन, पहिला ओटला आपण फुकटच्या जागेत बांधला, म्हणून गेला. आपल्या जागेत बांधला तर कुणाची रेघ त्याला शिवणार नाही. दुकान तीन फूट मागे घे. भाडं कमी येईल, ते खरं."

"अडीच केलं तर?"

"अडीचात मशीन बसेल, बाई बसणार नाही."

त्याने पंखा पुन्हा लावला. मग म्हणाला, "तीन करा. पण गुळगुळीत फरशी नको लावू म्हणावं शुभाला. आईचा ओटला खरखरीत होता, पाठ घासायला बरा." गॅलरीच्या दारात शुभा उभी होती. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "याला सांगा, मला सगळं ऐकू येतं."

तेव्हा सासूबाई, शब्द देतो. सोमवारी दोरी मी स्वतः धरीन, रेघेपासून तीन फूट आत, आपल्याच कापडातून. फरशी खरखरीत. तुमच्या मशिनी आमच्या गॅलरीतून परत येतील, आणि घराची चावी सुनीता भाभींकडे राहील. मी वळणावर थांबून ऐकीन. तिन्ही एकदम चालू झाल्या तर समजेन, माझ्याबद्दल चाललं होतं.

तुम्ही 'कापा' का म्हणालात, ते जमलं तर कळवा.

तुमचा, बोलायला उशिरा लागलेला जावई,
दिलीप

ता. क. बस अजून आलेली नाही. परवा संध्याकाळी आपल्या दारासमोर दोन साध्या मोटारी समोरासमोर आल्या, आणि एकीला कोपऱ्यापर्यंत मागे जावं लागलं, कारण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. त्यातली तुमच्या ओटल्याच्या जागेवरची पांढरी गाडी माझी.