फार बरं वाटतंय

३ जून
आले एकदाची ताईकडे. तिच्या शिवणकामाला मदत होईल आणि छकुलीला हक्काची मावशी मिळेल, असं आईनं ठरवूनच टाकलं होतं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी दोन मशीन, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. त्यावर बसून छकुली राज्य करते. नुकतीच चालायला लागली आहे. भावोजींचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. आत पेपर वाचतात, पण कान बाहेर. ताईचं मशीन जरा जोरात पळालं की येऊन ‘हळू, हळू’ म्हणतात. बायकोनं भराभर काम केलेलं न चालणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला.

६ जून
आज कोडं सुटलं. बाळंतपणानंतर ताईला उन्माद झाला होता. ऐकून मी भडकलेच. उन्माद सत्तेचा असतो, पैशाचा असतो; माझी ताई तर अरेला कारे न करणारी. ती म्हणाली, डॉक्टरांचा उन्माद वेगळा. मन कारणाशिवाय चढत जातं, उतरतच नाही. झोपेची गरज वाटत नाही, बोलणं थांबत नाही, आणि आपल्याला काही झालंय हे पटतच नाही. त्या आनंदात तिनं तान्ह्या छकुलीला पोहायला शिकवायचं म्हणून टाकीत सोडलं. भावोजी वेळेवर आले. आता औषधानं ती बरी आहे, पण हसू आलं की आधी घाबरते. मला फार रडू आलं.

११ जून
साठलेलं सगळं काम उरकलं. झोप नाही, तरी टवटवीत. मोठं दुकान काढणार, गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं. भावोजी ‘हळू, हळू’ म्हणत बाहेर आले. ताईचं मशीन बंद होतं. माझंच चालू होतं.

१३ जून
ताईनं विचारलं, शेवटची कधी झोपलीस. मी म्हणाले, तुला माझं सुख बघवत नाही. ती नुसती रडली. चुकलंच माझं. पण इतकं छान मला कधीच —

१४ जून
छकुलीला घेऊन खिडकीच्या कठड्यावर उभी होते. उडायला शिकवणार होते — ताई किंचाळली म्हणून — मी काय करत होते
छकुलीला आता माझ्याकडे देत नाहीत. बरोबरच आहे.

१५ जून
भावोजी डॉक्टरांना आणायला गेलेत. माझ्यावर पहारा देता देता ताईचा डोळा लागलाय. मी आतल्या खोलीत येऊन आतून कडी लावून घेतली. छकुलीसाठी.

दारावर थापा. छकुली ‘मावशी’ म्हणतेय. पहिल्यांदाच म्हणतेय.

उघडायचं नाही. उघडायचं नाही —

पण भीती गेलीच की. किती प्रसन्न वाटतंय. इतक्या आनंदात कुणाचं वाईट कसं होईल. आले गं राणी, ही बघ, कडी —