बादलीतला दिवा

तीर्थरूप बाबा, जय भीम.

दहेजच्या कारखान्यात आज बंद टाकीत उतरायचं ट्रेनिंग झालं, आन् पट्टा बांधून सगळ्यांत आधी मीच उतरले.

आतली हवा खराब हाय हे कसं कळंल, असं सरांनी विचारलं. मी जल्दी बोलले, आमच्या शहागडला विहिरीत आधी बादलीतून दिवा सोडतेत, विझला तर उतरायचं न्हाई. सर हसले. इथं दिवा सोडला तर टाकीच उडंल म्हणले. मंग हवा मोजायचं मशीन माझ्याच हातात दिलं.

आतला माणूस पडला तरी वरच्यानं मागं उतरायचं न्हाई, दोरीनंच ओढायचं, हे घोकून घेतलं.

काका विहिरीत गुदमरून गेले त्या दिवशी तुम्ही मागं उतरायला निघाल्ते, आजीनं तुमची कंबर सोडली न्हाई. ती अजून स्वतःला कोसती का? तिला सांगा, इथं हेच शिकवतेत.

तुमची,
अक्षता