बंद घरांच्या किल्ल्या

मुदखेड,
ता. २ मार्च १९८३

चि. शमुवेल यास,
अक्काचा प्रभूच्या नावात सलाम. इकडील सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. कुशल काही न्हाई. माझं डोकं फिरलंय, आणि ते तुझ्यामुळं.

रविवारी आईला भेटायला निलंग्यावरून गावी गेले. आपल्या चर्चच्या दारावर कमिटीचा कागद डकवलेला. ईस्टरनंतर तिथली उपासना बंद, ती चालवणाऱ्या सुवार्तिकाची बदली लातूरला, इमारत विक्रीला. कारण काय, तर पाहणीत तिथली मंडळी म्हणजे चार म्हाताऱ्या निघाल्या. आणि पाहणी कुणी केली? लातूरचे पाळक शमुवेल यांनी. आमच्या शमूनं!

घरोघर हिंडलास म्हणे, वय, शिक्षण, धंदा विचारत. अरे, पाऊस न्हाई, विहिरी कोरड्या, गावात हाय कोण? जवान माणसं पोटामागं गेलीत. दारांची कुलपं तुला दिसली न्हाईत, का दिसली आणि तिथं शून्य मांडून पुढं गेलास? पुण्याहून कुणी साहेब आला असता तर मी गप बसले असते. तू त्या गल्लीत उघडानागडा वाढलेला.

आई धड जेवत न्हाई. वडलांची कबर चर्चच्या भिंतीला लागून आहे. उद्या ती कुणाच्या गोदामाच्या अंगणात जाईल, हे तिला कळून चुकलंय. उत्तर धाड. लोभ आहेच, पण तो वाढावा असं आज लिहवत न्हाई.

तुझी बहीण,
मार्था


लातूर,
ता. ९ मार्च १९८३

ती. मार्थाक्का हिस,
शमुवेलचा सलाम. पत्र पावलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रागच आला.

तू नर्स आहेस. आजारी माणसाला काही न विचारता गोळी देतेस का? मग चर्चनं आपली माणसं कोण, कुठं राहतात, त्यांना सुट्टी कधी, हे विचारलं तर पाप कसलं? लातूर जिल्हा झाला. रोज बदलीवर कारकून, शिक्षिका, ओव्हरसियर येऊन राहिलेत. त्यांना चर्च कुठं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पाहणीवरून कळलं की सकाळची वेळ त्यांना जमत नाही. संध्याकाळची उपासना सुरू केली, तर बाकं भरून राहिली. सुवार्तिकाचा पगार एकच आहे. तो जिथं माणसं आहेत तिथं जाणार.

कुलपाचं म्हणशील तर नियम असा होता की माणूस भेटेल तिथंच नोंद करायची. नियम मी केला नाही. आणि तू तरी वर्षभरात किती रविवार गावाला दिलेस? मुदखेडहून मला लाज शिकवणं सोपं आहे. आईला म्हणावं इकडं ये, खोलीला नळ आहे, दिवसाआड का होईना पाणी येतं.

कळावे. रागात कमीजास्त लिहिलं असेल, तरी माया पातळ करू नये.

तुझा,
शमू


मुदखेड,
ता. १९ मार्च १९८३

चि. शमू यास,
सलाम. वर्षभर गावी गेले नव्हते हे तू लिहिलंस ते खरं आहे, आणि झोंबलंही. म्हणून तुझं पत्र घेऊन परवाच परत गेले, आईला वाचून दाखवलं.

आता माझं ऐक. मारोती, त्याची नागुबाई, आपली निम्मी गल्ली कुठं गेली ठाऊक आहे? लातूरलाच. तुझ्या नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांचा पाया खोदून राहिलीत, तिथंच पालं ठोकून. भेटली का तुला? कशी भेटणार! तुझ्या फॉर्मात विचारतात, घर स्वतःचं का भाड्याचं. पालात राहणाऱ्यानं काय सांगावं? गावात दाराला कुलूप म्हणून त्यांना सोडलंस, शहरात दारच न्हाई म्हणून सोडलंस. दोन्हीकडून मेली की रे ती तुझ्या कागदावर.

आईनं सगळं ऐकलं आणि खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला. तुला आठवतं ना, गाव सोडताना जो तो आपली किल्ली तिच्याकडं ठेवतो, ओळखू यावी म्हणून आपल्याच धडुत्याची चिंधी बांधून. सोमवारच्या एस.टी.नं ती तुझ्याकडं येणार आहे. मी अडवलं, ऐकलं न्हाई. तिनं लिहायला सांगितलं तेच लिहिते: "गावात कुणी न्हाई असं त्यानं लिहून दिलंय. मग ह्या किल्ल्या मी कुणासाठी सांभाळू? ज्याच्या त्याला नेऊन दे म्हणावं."

पत्र तिच्याआधी पोचलं तर स्टँडवर तरी जा. बाकी लोभाचं तुझं तू बघ.

मार्था


लातूर,
ता. २८ मार्च १९८३

ती. अक्कास,
सलाम. आई आली. स्टँडवरच तांब्याभर पाणी प्यायली, जुडगा माझ्या हातात दिला आणि त्याच गाडीनं परत गेली. खोलीसुद्धा बघितली नाही. मला वाटलं, मुद्दाम चारचौघांत माझा तमाशा करून राहिलीय. किल्ल्या चार दिवस टेबलावर पडून होत्या.

शेवटी रागारागानंच पालांकडं गेलो. आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहेत ती. उपासनेतल्या झांजांचा आवाज त्यांना ऐकू जातो. नागुबाईनं चिंधी ओळखली, किल्ली हातात घेतली आणि मटकन खाली बसून रडायला लागली. बाकीच्या बाया धावल्या, त्याही रडायला लागल्या. मला काही कळेना. मारोती टोपी काढून पुढं आला आणि हळूच म्हणाला, "केवळाबाई कधी गेल्या?"

आई जिवंत असताना तिच्या हातून किल्ली सुटेल, हे त्यांच्या मनातच येईना.

आई धड आहे म्हणालो. मग किल्ली का आली ते सांगावं लागलं. अक्का, सगळं सांगितलं. मी त्यांना कसं मोजलं नाही तेही. मला एकानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नागुबाईनं डोळे पुसले आणि किल्ली परत माझ्या हातात ठेवली. म्हणाली, ईस्टरला आम्ही गावाकडं येतोच, तवर ती केवळाबाईकडंच राहू द्या. मग एकेकानं तेच केलं. मारोतीनं मला चहासुद्धा पाजला.

कमिटीपुढं जाऊन पाहणी खोटी आहे म्हणालो. ते म्हणाले, आकडे वरच्या ऑफिसात गेलेत, आता बदल नाही. मी भांडलो, तरी त्यांनी कागद मागं घेतला नाही. आता माझं काय करायचं ते करोत. जुडग्यात चर्चचीही किल्ली आहे, बिनचिंधीची. ती आईनं कुणाला दिली ते मला कळलंय. ईस्टरला दार मीच उघडणार.

तू शनिवारी निलंग्याच्या स्टँडवर थांब. चर्चचं दार एकट्यानं उघडीन. पण ह्या किल्ल्या आईच्या हातात परत द्यायला मला एकट्याला जाववत नाही.

रागव, पण सोडू नकोस.

तुझा,
शमू