एप्रिलपर्यंत खिडक्या उघडू नयेत

३ ऑक्टोबर

आज इथे राहायला आलो. विटांची तीन मजली इमारत, सहा बिऱ्हाडं, आणि तळघरात बॉयलरच्या भिंतीला लागून माझी खोली. छान ऊब आहे. घरमालक लझारुक म्हणाले की विनिपेगमध्ये भाड्याच्या इमारतीची खरी देखभाल ऑक्टोबरातच होते; या महिन्यात जे राहून जातं ते जानेवारीत फुटतं. मला काम हवंच होतं. माझी बायको स्लावका मे महिन्यात गेली. त्यानंतर आमच्या घरात बसवत नव्हतं.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या दोम्का कोझोरिझ पिरोही, म्हणजे आमच्याकडच्या बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, घेऊन आल्या. आधीचा माणूस कामात कच्चा आणि खाण्यात पक्का होता, तुझं कसं, असं त्यांनी विचारलं. मी हसलो, बऱ्याच दिवसांनी. त्यांना इथे सगळे मावशी म्हणतात. त्यांचे यजमान प्रोकिप अंथरुणाला खिळलेले; श्वास घेताना छातीत शीळ वाजते. त्यांच्या खोलीची खिडकी खडखडते. सुईएवढं वारंही आत येऊ देऊ नकोस, एवढंच मावशींचं मागणं.

१२ ऑक्टोबर

पन्हळींतला पाला काढला. बाहेरच्या नळांचं पाणी बंद करून नळ्या रिकाम्या केल्या, नाहीतर आत बर्फ होऊन त्या फुटतात. एकेका रेडिएटरमधली अडकलेली हवा सोडली. प्रोकिपकाकांच्या खोलीतला रेडिएटर बराच वेळ सुसकारे टाकत होता. हा माझ्याहून म्हातारा दिसतो, असं ते म्हणाले.

२५ ऑक्टोबर

खिडक्या संपल्या. बाहेरच्या बाजूने काचेची दुसरी चौकट स्क्रूंनी आवळायची, फटींत पुट्टी भरायची, मग आतून पातळ प्लॅस्टिक चिकटवून त्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडायची. ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. शेवटी चौकटीभोवती मेणबत्ती फिरवून पाहिली. ज्योत कुठेही हलली नाही.

काका पलंगावरून बघत होते. म्हणाले, "काकड्या भरतात तसं बरणीत भरतोयस की मला."

दुसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्या ह्रिन्कोंची तक्रार वेगळी. त्यांनी सोमवारी शिजवलेल्या कोबीचा वास अजून जिन्यात हिंडतोय म्हणे, त्याच्याकडूनही भाडं घ्या. लझारुकनी येऊन माझी पाठ थोपटली आणि जिन्यात पाटी लावली की एप्रिलपर्यंत खिडक्या उघडू नयेत.

२९ नोव्हेंबर

उणे तेहतीस. सकाळी प्रोकिपकाका गेले. मावशींनी डॉक्टरच्या आधी मला बोलावलं. मी टोपी काढून उभा राहिलो. त्या एवढंच म्हणाल्या, "खिडकी."

श्वास सुटला की खिडकी उघडायची, म्हणजे जीवाला वाट मिळते. आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. स्लावकाच्या वेळी इस्पितळातल्या नर्सने न सांगता उघडली होती. बाहेर लायलॅकची झुडपं फुलली होती.

पण इथे स्क्रू बाहेरून, तिसऱ्या मजल्यावर, आणि शिडीवर बर्फाचा थर. काच फोडावी तर खालचा रेडिएटर गोठून फुटला असता आणि सगळी बिऱ्हाडं थंडीत पडली असती. मी मावशींना तसं समजावलं आणि जिन्याकडचं दार सताड उघडून दिलं. त्या दाराकडे बघत राहिल्या.

"दारातून गेलेला परत येतो रे बाळा," त्या म्हणाल्या.

५ डिसेंबर

मावशींनी वर बोलावलं होतं. काकांच्या खोलीतलं प्लॅस्टिक हलतंय. फुगतं आणि बसतं, अगदी सावकाश. मी पुन्हा मेणबत्ती धरली. ज्योत सरळ. बाहेर काडीही हलत नव्हती.

दोन काचांच्या मध्ये हिम साचलंय. घरातली ओलसर हवा झिरपली की तसं होतं. पण मी कुठे फट ठेवलेली नाही.

प्लॅस्टिक बसतं तेव्हा बारीक शीळ वाजते.

१० डिसेंबर

ह्रिन्कोंच्या खिडकीतही सुरू झालं. आज त्यांनी एकही थट्टा केली नाही. प्लॅस्टिकवर तळवा ठेवला तर ते अंगासारखं गरम लागलं, असं म्हणाले. दुपारी सामान घेऊन मुलीकडे गेले. पहिल्या मजल्यावरचेही जाणार आहेत.

मी जिन्यातल्या खिडकीशी उभा राहिलो. तिथलं प्लॅस्टिकही हलतंय.

१३ डिसेंबर

मावशी खोकताहेत, आणि खोकला काकांचा आहे. डॉक्टर येऊन गेले. छाती साफ आहे म्हणाले. मग हात इतके गार कसे? रेडिएटरला बोट लावता येत नाही इतका तो तापलाय.

मावशी सांगतात की काका रागावलेले नाहीत. वाट शोधताहेत. मावशींनी श्वास घेतला की काका त्याबरोबर आत शिरतात, तिथे वाट नाही म्हणून परत बाहेर येतात. दर खेपेला थोडी ऊब घेऊन.

मी मावशींना दुसरीकडे न्यायला तयार होतो. त्या येत नाहीत. ह्यांना असं कोंडून टाकून कशी जाऊ, म्हणतात.

१५ डिसेंबर

लझारुकना फोन केला. काच फोडू द्या म्हणून विनवलं. त्यांचं म्हणणं, नळ्या फुटल्या तर इमारतच जाईल. आणि बायको गेल्यावर माणसाला असं काहीबाही वाटतं. ते आवाज चढवून बोलले नाहीत. समजुतीच्या सुरात बोलले. त्याचंच जास्त—

मी फोडणार आहे.

१६ डिसेंबर

प्लॅस्टिक फाडलं. आतली काच फोडली. बाहेरची काच दिसलीच नाही. बर्फ. पांढरा, काठोकाठ, हाताच्या पंजाएवढा जाड. हातोडा उसळून परत आला. दमच उरला नाही दांड्यात, तुटला.

दुसऱ्या खिडक्या पाहिल्या. सगळ्या तशाच. नुसत्या गोठलेल्या श्वासांनी भरलेल्या.

मावशी पलंगावरून बघत होत्या. राहू दे, म्हणाल्या. मलाच धीर देत होत्या.

१७ डिसेंबर

बर्फवादळ. रुग्णवाहिका निघाली आहे म्हणतात, कधी पोचेल सांगत नाहीत. मावशींना उचलून खाली न्यायला गेलो तर श्वासच अडकला. परत निजवलं. शेजारी बसलोय. हात हातात आहे. माझाही गार पडतोय.

शीळ आता त्यांच्या तोंडातून. मग खिडकीतून. मग त्यांच्या—

दुपार

मावशी गेल्या.

जाताना खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

आता दोन श्वास आहेत. एक शीळ वाजवणारा, एक हलका. खोलीभर फिरतात. बर्फाशी जातात, परत येतात. राग नाही त्यांच्यात, मावशी म्हणाल्या तसंच. आता माझ्या तोंडाशी थांबलेत. ऊबदार लागतंय.

या घरात आता उघडं असं एकच—

ओठ मिटलेत. डाव्या हाताने नाक धरलंय. लिहीत राहिलो तर लक्ष तिकडे जाणार नाही. छाती फुटतेय. खालच्या रस्त्यावर काही आवाज— नाही, वारा. सोसत नाही. एकच घेतो, अगदी लहान, आणि लगेच