घासलेला जोड

बाबा,

तुम्ही धाकट्याच्या गाडीत बसवलेल्या पिंजऱ्याच्या जोडात चीर होती, आणि ती जुनी होती. आज दुपारी तपासणीचे साहेब गाळ्यावर येऊन गेले. मी कापून ठेवलेला तुकडा त्यांनी दारापाशी उजेडात धरला, फिरवून बघितला आणि पक्कं सांगितलं. चिरेच्या आतपर्यंत गंज चढला होता. "ही कालपरवाची नाही, ताई," ते म्हणाले. "गाडी उलटली तेव्हाची आहे. त्यानंतर तुमचा भाऊ हिच्या भरवशावर पळवत होता." मी हात पुढे केला. तुकडा परत घेतला, फडक्यात गुंडाळला आणि तुमच्या बाकावरच्या लोखंडी पकडीशेजारी, व्हाइसशेजारी ठेवून दिला.

गाडी उलटल्याचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ते झालं, म्हणून पहिल्यापासून सांगते. धाकट्याने भंगारातून आणलेली ती जुनी गाडी तुम्हाला आठवत असेल, आतली सीटं, गालिचा, दारांची अस्तरं सगळं काढून टाकलेली. तुम्ही तिला 'डबो' म्हणायचात. त्याला ती सरळ पट्टीवर पळवायची होती. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, आणि पाव मैलात सगळं संपतं. तुम्ही त्याला एकदाच विचारलंत, "आणि थंय पोचान करतलस काय?" तो म्हणाला, "परत येणार." तुम्ही खूप हसलात, आणि दुसऱ्या दिवशी पाइप वाकवायला घेतलेत. गाडी उलटली तर छप्पर चेपून माणसावर येऊ नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा लागतो, एवढं त्याने तुम्हाला समजावलं होतं. बाकीचं तुम्ही तुमच्या पद्धतीने केलंत.

ती पद्धत मी तुमच्याकडूनच घेतली. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही साकीनाक्याला आलात आणि खिडक्यांच्या ग्रिलवर, सोसायट्यांच्या गेटवर वेल्डिंग शिकलात. मी तुमच्या हाताखाली आले त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक सकाळ अजून जशीच्या तशी आहे. बोरीवलीच्या एका सोसायटीचं गेट मी वेल्डिंग मारून रंगासाठी भिंतीला टेकवून ठेवलं आहे. मनातून खूश आहे. तुम्ही येता, चप्पल काढता, आडव्या पट्टीवरून अंगठा फिरवत जाता आणि जोडावर थांबता. "ह्यां काय गो? सुरवंट बसलेत?" वेल्डिंगचा उंचवटा, एकापुढे एक वळ्या पडलेला, खरंच सुरवंटासारखा दिसतो. "गिऱ्हाईक डोळ्यांनी बघणा नाय, बोट फिरयता. जोड दिसाक नको." ते अख्खं गेट तुम्ही माझ्याकडून घासून घेतलंत. हाताला मुंग्या आल्या, नाकात लोखंडाची पूड गेली. गेट टेम्पोत चढलं तेव्हा तुमचा घासायचा छोटा ग्राइंडर माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "आता ह्यो तुझो." शाबासकी अशी तुम्ही तेवढीच दिलीत. तो ग्राइंडर अजून चालतो, फक्त स्विच बदललाय.

घाटकोपरच्या खोलीतली भांड्यांची मांडणीही तुम्हीच उरलेल्या पाइपांची केलीत. आई अजून तीच वापरते. तिला आता नीट दिसत नाही, त्यामुळे ताट काढताना ती हाताने चाचपत जाते, आणि त्या मांडणीवर तिचा हात कुठेच अडकत नाही, एकही ओरखडा नाही. मी तिच्याकडे जाते तेव्हा चहा होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून तिचा हात पाइपावरून सरकताना बघते. घासण्याचं कारण काय होतं ते तिथे कळतं. तुम्हाला दिखाऊपणा नको होता. आपल्या माणसाच्या हाताला लोखंड टोचू नये, एवढंच होतं.

पिंजऱ्याचंही तेच. तुमचं शेवटचं काम. तेव्हाच तुम्हाला दम लागत होता, पाच मिनिटं घासायचात आणि स्टुलावर बसायचात. सगळ्यात जास्त वेळ तुम्ही दारावरच्या जोडाला दिलात, ड्रायव्हरचं डोकं जिथे येतं त्याच्या बाजूचा. मी म्हटलं, रंगाखाली जाणार आहे, बाबा, कोण बघतंय? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बघण्यासाठी नाय गो. माझ्या झिलाच्या अंगाक खरचटूक नको." रंग लागल्यावर पाइप कुठे संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. जणू तो पिंजरा झाडासारखा वाढला होता. धाकटा आत बसून सगळीकडे हात फिरवत राहिला. "झकास, बाबा," म्हणाला. ती गाडी पळताना बघायला तुम्ही राहिला नाहीत.

मग ती उलटली. एका जुन्या धावपट्टीवर मागचं चाक निसटलं, गाडी आडवी घसरत कडेच्या वाळूत गेली आणि तिथे पालथी झाली. धाकटा खिडकीतून सरपटत बाहेर आला, कोपराला खरचटलेलं, बाकी काही नाही. घरी आल्यावर आईने दृष्ट काढली आणि चाळीत सगळ्यांना सांगितलं, ह्यांनीच वाचवला त्याला, जाऊनसुद्धा. तेव्हापासून प्रत्येक वेळी गाडी सुरू करण्याआधी तो दारावरच्या त्या जोडाला हात लावतो आणि तो कपाळाला लावतो. एवढी वर्षं.

आता गाडीचा वेग वाढलाय. या वेळच्या शर्यतीवाल्यांनी कळवलं की पिंजरा तपासल्याशिवाय गाडी रेषेवर उभी करणार नाही. त्यांनी पाठवलेले साहेब चेंबूरचे, बुटके, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी टॉर्च घेऊन आत वाकले आणि तसेच वाकलेले म्हणाले, "वेल्डिंग कुठंय?"

"आहे ना साहेब, रंगाखाली," धाकटा म्हणाला.

"मग रंग काढा."

रंग काढला. खाली चकचकीत गुळगुळीत लोखंड. साहेबांनी अंगठा फिरवला, तुमच्यासारखाच, आणि तोंड वाकडं केलं. "हे फर्निचरचं काम आहे. फार सुंदर फर्निचर. पण घासलेला जोड पास होत नाही. तो वरचा उंचवटा म्हणजे घाण नसते हो, ती ताकद असते. घासून काढल्यावर आत काय उरलं ते कोण सांगणार?" धाकट्याने सांगितलं, आमच्या वडिलांनी केलंय. साहेबांनी जोडावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. "हात चांगला होता त्यांचा," ते म्हणाले. "म्हणून तर वाट लागली. कच्च्या हाताच्या माणसाने एवढं घासलंच नसतं."

मला ते नवीन होतं, बाबा. आपण आयुष्यभर गेटं केली. गेट उलटत नाही.

साहेब गेल्यावर धाकटा माझ्यामागे लागला. "ताई, वरून वेल्डिंगचा एक फेर मार ना. सुरवंट दिसला की झालं, साहेब खूश."

"आणि खाली पोकळ असेल तर?"

"पोकळ? त्यानेच वाचवलंय मला. आत तू नव्हतीस, मी होतो."

"अरे पण..."

"बाबांचं शेवटचं काम आहे यार ते. भंगारात घालणार तू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू नाही मारलंस तर नाक्यावर मारणारे खूप आहेत. मी गाडी घेऊन जातो."

त्याने नेलीही असती. आणि कोणीतरी वरून छान उंचवटा चढवून दिला असता, आणि तो त्या पिंजऱ्यात बसून सुटला असता, पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात. मी म्हटलं, "आधी चीर बघू. मग तू म्हणशील ते."

चीर बघायची फवारणी मिळते. लाल रंग मारायचा, मुरू द्यायचा, फडक्याने पुसून काढायचा आणि वरून पांढरा मारायचा. लोखंड धड असेल तर पांढरं पांढरंच राहतं. भेग असेल तर आत मुरलेला लाल वर येतो. मी मारत गेले आणि धाकटा टॉर्च धरून मागोमाग. मागचे जोड पांढरे राहिले. "बघ," तो म्हणाला. खालचे राहिले. "बघ, बघ." दारावरच्या जोडावर मी पांढरा मारला आणि आम्ही दोघं थांबलो. आधी काही नाही. मग बोटाला दोरा गुंडाळावा तशी एक बारीक लाल रेघ उठली आणि पाइपाच्या अर्ध्या घेराला गेली. धाकट्याने ती अंगठ्याने पुसली. माझ्या हातातून डबा घेऊन स्वतः पांढरा मारला. ती परत आली.

त्याने डबा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "मग मी वाचलो कसा?"

"वाळूत सावकाश पालथी झाली रे. त्या जोडावर पुरता जोर आलाच नाही."

"म्हणजे नशीब."

"म्हणजे नशीब."

त्याने टॉर्च बंद करून बाकावर ठेवली. गाडीची चावीही ठेवली. "काप," म्हणाला, आणि लाल झालेला अंगठा पँटला पुसत निघून गेला. त्यानंतर तो गाळ्यावर आलेला नाही. फोन उचलत नाही. आईला आम्ही दोघांनीही काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही असं दिसतं.

मी कापला. जोडाच्या आत लोखंड पत्र्याच्या डब्याइतकंच पातळ उरलं होतं. बाकीचं तुम्ही प्रेमाने घासून खाली पाडलं होतंत आणि मी झाडूने लोटलं होतं. खरचटू नये म्हणून पाइपावर फोम चढवतात, बाबा, डोकं येतं तिथे. तपासणी झाली की वरून चढवायचा. दुकानात मिळतो. एवढंच होतं ते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही आणि तुम्ही कोणाला विचारलं नाहीत, कारण लोखंडातलं तुम्ही कधीच कोणाला विचारत नव्हतात. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणू शकले नसते. तुम्ही नाही आहात म्हणून लिहिता येतंय, आणि लिहून झाल्यावर ही पानं कुठे पाठवायची नाहीत हेही बरं आहे.

नवा पिंजरा उभा आहे. पाइप तुम्ही शिकवलेत तसेच वाकवले, टोकांच्या खाचा तुम्ही शिकवल्यात तशाच काढल्या, केस जाईल एवढीही फट नाही. जोड मात्र तसेच ठेवलेत. सगळीकडे सुरवंट. प्रत्येक जोड झाला की माझा हात आपोआप ग्राइंडरकडे जायचा, शेवटी तो कपाटात टाकून कुलूप लावलं.

उद्या सकाळी साहेब टॉर्च घेऊन येतील. त्यांनी आज वरवर बघून मान हलवली आहे, त्यामुळे पास होईल असं वाटतं. पास झाला की ते पिंजऱ्यावर त्यांचं स्टिकर लावतील. धाकट्याचा आत्ता मेसेज आला, इतक्या दिवसांत पहिला. "येतोय उद्या. ग्राइंडर लपवून ठेव, तुझ्यात बाबा आहेत." तो येईल, आत बसेल, सवयीने त्याचा हात दारावर जाईल आणि तिथे त्याला खडबडीत लागेल. तो हात कपाळाला लावेल की खाली घेईल, ते मला सांगता येत नाही.

आणि एक. सीटच्या खाली आग विझवायची बाटली बसते, तिच्यासाठी छोटी पट्टी लागते. तिच्यावर कसलाच भार नाही, ती पिंजऱ्याला लागतही नाही, मी साहेबांना दोनदा विचारून घेतलं. आज संध्याकाळी कपाट उघडून तिचा जोड मी घासला. अंगठा फिरवून बघितला. कुठे काही लागत नाही.