हॅलोरन बाईंनी सुचवलेला अभ्यासक्रम

प्रिय अपा,

तुमचा आणि अमाचा आशीर्वाद मागून लिहिते. ‘जनरल स्टडीज शिकून माणूस नेमका काय होतो?’ हा तुमचा फोनवरचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

माझं बरं चाललंय. ओफेलिया मावशी रोज घेवड्याबरोबर मक्याच्या गरम पोळ्या वाढते. अमाचा गुडघा कसा आहे? बागेत पीचची जादा फळं खुडून विरळणी करायला माणसं मिळाली का?

कॉलेजात विषय सुचवणाऱ्या हॅलोरन बाई फार गोड आहेत. म्हणाल्या, “जनरल स्टडीजच घे गं, पोरी. दोन वर्षांत मोकळी होशील!” पुढे विद्यापीठ हे विषय मान्य करेल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, “ते मग बघू.” मावशी म्हणते, “एवढं गोड बोलणारे जुन्या गाड्या विकतात, बाई!”

आपल्या स्पॅनिशमध्ये शिकलेली आणि सालस, दोघींना ‘एदुकादा’ हा एकच शब्द. मोठ्यांशी वाद नको, म्हणून मी मुकाट्यानं अर्जावर सही केली. पण वर्गातल्या ओर्नेलास, बाराहास अशा आडनावांच्या, आपल्या सगळ्याच मुलींना बाईंनी तेच सुचवलेलं कळलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली.

शेवटी बस धरून विद्यापीठातच विचारून आले. निम्मे विषय तिथं चालत नाहीत. लिबरल आर्ट्सचे सगळे चालतात, पण त्यात गणित आहे आणि एक वर्ष जास्त लागतं. शिक्षिका व्हायचं तर तोच रस्ता.

दोन वर्षं संपली की मे महिन्यात परत येऊन बागेत तुमच्या हाताखाली राहीन, असं कबूल केलं होतं. रागवा, पण जेवण टाकू नका. काल मी बाईंसमोरच जुना अर्ज रद्द करून लिबरल आर्ट्सचा भरला.

तुमचीच,
येसेनिया