चूलबंद आवतण

प्रिय आक्का,

आज सगळ्या गावासमोर तुमचं नाव घेतलं. तुम्हाला न विचारता घेतलं, म्हणून हे पत्र. तुम्ही गेलात त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. पण माझी चहाडी दुसऱ्या कुणी करण्याआधी मीच केलेली बरी, नाही का?

कांद्याच्या खळ्यावर बसून लिहितेय. अमावस्येला कांद्याचा बाजार बंद, म्हणून व्यापाऱ्यानं खळं आम्हाला तपासणीसाठी झाडून दिलं. झाडलं असं तो म्हणतो. पायाखाली अजून टरफलं वाजताहेत. तपासणीची कार्डं थोडी उरलीत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. अमावस्येला असलं काही करतात का, म्हणून दोघी-तिघींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, बीपीला तिथी कळत नाही. तुम्ही पदराआड हसला असतात.

तुम्ही ज्याला 'मंगलची मिटींग' म्हणायचात ना, तो आमचा गट आता चांगला नावारूपाला आलाय! पूर्वी साध्या तापाला पिंपळगाव गाठायचं म्हणजे बाईचा रोज बुडायचा. आता महिन्यातून दोनदा पिंपळगावच्या डॉक्टरीणबाई गावात येतात. मेडिकलवाला गोळ्या उपकेंद्रावर पोचवतो. अडीनडीला कुणाचा टेम्पो काढायचा, ते आधीच ठरलेलं असतं. आशाताई सरला, मोहल्ल्यातली शबाना टेलर, बचत गटाच्या बायका आणि मी, आम्ही मिळून हे उभं केलं. स्वतःची पाठ थोपटतेय, थोपटू द्या. आणि मी मिटींगला जायची तेव्हा घरी भाकरी कोण थापायचं? पोरींच्या वेण्या कोण घालायचं? माझी थोरली जाऊ, म्हणजे तुम्ही, हे मात्र मी कुठल्याच मिटींगमध्ये सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीचं आठवतं?

बायका तपासणीला येत नव्हत्या. धडधाकट माणसानं डॉक्टरला हात दाखवणं म्हणजे दुखण्याला बोलावणं, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याच डोक्यातून निघालं की हळदीकुंकू ठेवू, आणि वाण द्यायच्या आधी दंडाला बीपीचा पट्टा बांधू. हळदीकुंकवाला कोण नाही म्हणतं? आपलं अंगण भरून गेलं. डॉक्टरीणबाईंनी चारचौघींत माझं कौतुक केलं. काय फुगले होते मी, आक्का!

आणि तुम्ही कुठे होतात? स्वयंपाकघरात. तिळाचे लाडू तुम्ही वळले होते, दूध तुम्ही आटवत होतात. भाऊजी गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्ही बाहेर येत नसायचात. घरची रीत होती, आणि ती मोडावी असं माझ्या मनातही कधी आलं नाही. डॉक्टरीणबाईंची खुर्ची उंबऱ्याच्या पलीकडेच होती. मी तीनदा आत आले आणि तीनदा दुधाचे पेले घेऊन बाहेर गेले.

मशीन पेटीत गेल्यावर तुम्ही विचारलंत, "झालं का समद्यांचं?"

मी म्हटलं, "झालं."

तुम्ही तरी म्हणायचं ना, मंगल, माझं राहिलं! एवढं एकदा तोंडातून निघालं असतं तर? सकाळपासून डोक्याला फडकं आवळून होतात. उन्हानं दुखतंय म्हणालात. संक्रांतीच्या थंडीत कसलं ऊन, आक्का? तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं आणि पुढच्या कामाला लागले. रागावते तुमच्यावर, पण तो राग फार वेळ टिकत नाही. फिरून माझ्यावरच येतो.

चैत्रात द्राक्षबागेच्या छाटणीला गेलात आणि तिथंच कोसळलात. टेम्पो लगेच आला, तेवढं काम गटानं चोख केलं. शहरात शिरताना द्वारका चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो तेव्हा मी खाली उतरून हात करत वाट काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यांना बीपी कधीपासून आहे? गावातल्या बायकांचं बीपी मला तोंडपाठ. तुमचं सांगता येईना. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

दहाव्याला जो तो म्हणाला, आक्कांनी दुखणं अंगावर काढलं. मी मान डोलावली. तसं म्हटलं की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

यंदा पुन्हा मिटींग बसली. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी पुन्हा हळदीकुंकूच सुचवलं! गेल्या वेळी इतकं छान झालं होतं ना. शबाना म्हणाली, "भाभी, बुरा मत मानो. गेल्या साली आमच्या मोहल्ल्यातून एक बी बाई नाय आली. बोलावणं आमचं नव्हतंच ना."

कोपऱ्यातून गोदाबाई बोलल्या. खालच्या आळीतल्या गोदाबाई, ज्यांच्याबरोबर तुम्ही छाटणीला जायचात, त्याच. "आमच्यासारख्या रांडवांचं बी नव्हतं. लग्नाला चूलबंद आवतण देतेत, तसं द्या. त्या दिशी घरात चूल पेटवायची नाय. म्हातारं-कोतारं, आलेला पाव्हणा, समद्यांनी जायाचं."

मी नुसतं तोंडानं म्हटलं, वा, छान सुचवलंत.

आणि आम्ही खरंच तसं आवतण दिलं. मी आणि शबाना दारोदार फिरलो. गोदाबाईंच्या शब्दांतच सांगितलं, तपासणी आहे, खिचडी आहे, घरात कुणाला मागं ठेवायचं नाही. आज सकाळी खळं भरलं. मोहल्ल्यातल्या बायका आल्या, वस्तीवरच्या आल्या. मी पुन्हा फुगायच्या बेतात होते, तेवढ्यात गोदाबाईंची सून दिसली. एकटीच. सासूबाई कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, घरी हायेत. दारात दाणे वाळत टाकलेत, राखायला कुणी तरी पाहिजे.

ज्या बाईनं आवतण सुचवलं, तीच घरी! दाणे राखायला!

मग मात्र मला राहवेना. कांद्याच्या वजनकाट्यावर उभी राहिले आणि बोलले. सांगितलं की आक्कांनी दुखणं अंगावर काढलं हे खोटं आहे. मशीन आमच्या अंगणात होतं आणि आक्का आत दूध आटवत होत्या. मी त्यांना बाहेर बोलावलं नाही. त्यांनी विचारलं, झालं का सगळ्यांचं, तर मी हो म्हटलं. सगळं सांगितलं. आपले हे मागच्या रांगेत खिचडीचं पातेलं धरून उभे होते, त्यांनाही हे पहिल्यांदाच कळलं.

गोदाबाईंची सून उठली आणि चालू पडली. मग दुसरी उठली. मग एकदम आठ-दहा. डॉक्टरीणबाई घाबरल्या, या सगळ्या निघाल्या कुठे? मलाही वाटलं, चुकलं माझं, घालवलं सगळं.

पण त्या घरी गेल्या होत्या. कुणी सासूला घेऊन आली, कुणी माहेरी परत आलेल्या नणंदेला, कुणी वाड्यावर गुरं सांभाळणाऱ्या चुलतीला. शबाना स्वतः तिच्या सासूला घेऊन आली. शेळ्यांपाशी बसवून आली होती म्हणे! माझ्याकडे न बघता म्हणाली, "हमसे भी हो गया, भाभी."

गोदाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी फार चढलेलं, डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बांधून बघितला आणि त्यांना उठूच दिलं नाही. टेम्पो निघाला. आत्ताच सरलाचा पिंपळगावहून फोन आला. दवाखान्यात ठेवून घेतलंय, वेळेवर आणलं म्हणाले. गोदाबाई चहा मागताहेत आणि दाण्यांवर पाखरं बसली असतील म्हणून सुनेला बोलताहेत.

आक्का, तुम्हाला आणायला मी दोन पावलं टाकली नाहीत. याची भरपाई होत नसते, मला ठाऊक आहे. आज मात्र मान खाली घालून घरी जाणार नाही.

शेजारच्या गावानं आम्हाला बोलावलंय. जाणार. त्याच्या पुढच्या गावानं बोलावलं तर तिथंही जाणार. जिथं जाईन तिथं पट्टा बांधायच्या आधी तुमची गोष्ट सांगेन. माझं नाव खराब झालं तरी सांगेन. हा शब्द देते, की आक्कांनी दुखणं अंगावर काढलं असं माझ्यासमोर पुन्हा कुणाला म्हणू देणार नाही. त्यांना कुणी हाक मारली नाही, आणि हाक मारायचं काम माझं होतं, हे मीच सांगेन.

तुमची धाकटी जाऊ,
मंगल